मेधाच्या आधी

यिशुन, सिंगापूर, ७ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी देवपूजा झाल्यावर मी मेधाच्या छातीच्या स्कॅनचा रिपोर्ट तुला फोनवर पाठवला, तो जोतिबापुढे दिवा लावावास म्हणून. गावाला वाचून दाखवायला नव्हे. दुपारी अनघावहिनी मेधाला फोन करून रडल्या. ती एमआरटीच्या गाडीत गर्दीत उभी होती. आपल्याला कॅन्सर आहे, हे तिला वहिनींकडून कळलं.

आणि तो आहे असं अजून कोणी डॉक्टर म्हणालेला नाही. गाठीच्या कडा काटेरी दिसतात, म्हणून संशय. कालच सुईने तुकडा काढला. तो तपासल्यावर काय ते ठरेल. तू मात्र निरोप धाडलास, सगळंच काढून टाका. बाईचं अंग म्हणजे काय परसातला वेल आहे, वाटलं तेव्हा उपटायला? मला तुझा फार राग आला आहे.

भाऊजींना नमस्कार. माया आटू देऊ नकोस, एवढं रागातही लिहितो.

तुझा मनोहर

किन्हई, १६ मार्च

चि. मनोहर यास
अनेक आशीर्वाद.

राग पोचला. अनघाला बोलले ही चूक माझी. काढून टाका म्हणाले, तेही घाबरून. पण रिपोर्टवर शनिवारची तारीख आहे, मला पाठवलास मंगळवारी. तीन दिवस तू गप्प होतास, हे मला काय स्वप्नात दिसणार? देवाला सांगितलंस, बहिणीला सांगितलंस, जिच्या अंगात गाठ तिलाच नाही. नवऱ्याने आधी वाचायचं ही आपल्याकडची रीत सिंगापूरपर्यंत नेलीस. शाळेत गुरुजींचा हुशार विद्यार्थी ना तू.

मेधाने फोनवर मला सोलून काढलं. तिला वाटतं, हॉस्पिटलात माझी कुणी ओळखीची आहे, तिच्याकडून मला रिपोर्ट मिळाला. मी तुझं नाव घेतलं नाही. ते तू घे.

आहे तो लोभ राहू दे.
सविता

यिशुन, ३ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

कॅन्सर नाही. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर म्हणतात. क्वचित होणारी, बहुतेक निरुपद्रवी गाठ, पण स्कॅनमध्ये आणि हाताला हुबेहूब कॅन्सर वाटते. तुकड्याला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखली. मागच्या सोमवारी तेवढी गाठ आणि कडेचं थोडं काढलं.

निकालाच्या दिवशी मी पेढे आणले. मेधा म्हणाली, अक्कांना कळवायची गरज नाही, त्यांना माझ्याआधीच सगळं कळतं. तेव्हाही मी गप्प बसलो. तुझ्यावर काढलेला राग खरा कोणावर होता, ते रोज पूजेला बसलो की कळत होतं.

काल खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, चहा घेताना तिला सांगितलं: रिपोर्ट माझ्या ईमेलवर आला, तीन दिवस माझ्याकडेच होता, अक्काला मीच पाठवला, आणि माझ्या वाटची बोलणी तिने खाल्ली. मेधा चहा तसाच ठेवून उठली. अजून बोललेली नाही. बोलेल तेव्हा बोलेल. मी सांगितलं आहे.

तुझा मनोहर