सातवी रास

गुरुजी,

आधी माझी तक्रार नोंदवून घ्या. या देशात पूजेला धड सुपारी मिळत नाही. मिळते ती कातरलेली, गोड, बडीशेपेच्या संगतीने बिघडलेली. तिला गणपती म्हणून पाटावर बसवताना देवाचाच मुखवास केल्यासारखं वाटतं. अख्ख्या सुपाऱ्या मी सुट्टीवरून येताना बॅगेतून आणतो. तुम्ही माझे विसर्ग सुधारण्यात चार वर्षं घालवलीत, कस्टमवाल्यासाठी एखादं स्तोत्र शिकवलं असतंत तर जास्त उपयोगी पडलं असतं.

तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं झाली. मी इथे आखातात, अल क्वोजच्या एका गोदामात स्टोअरकीपर आहे आणि सुट्टीच्या दिवशी भटजी. इथले माझे बहुतेक यजमान एकटे, बायका गावाला. म्हणून सत्यनारायणाला बसताना बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचतात. खिडक्या बसवणारा एक कोकणातला कॉन्ट्रॅक्टर बारा वर्षं असाच माझ्यापुढे बसत आला. यंदा म्हणाला, "भटजी, लग्न लावायचंय. माझंच."

"आणि घरी आहे ती?"

"तिला काय कमी करणार नाय. आमच्या बिल्डिंगचा अरब मालक दोन घरं चालवतो, त्याला कोण विचारतं?"

"त्याला त्याचा धर्म विचारतो, कोर्टही विचारतं. तुम्हाला आपला कायदा थेट आत घालेल."

"म्हणून तर कागद नको. तुम्ही मंत्र म्हणा, खलास."

आणि मी गेलो. शेजारच्या अजमानला, एका फ्लॅटमध्ये, रविवारी सकाळी. नवरी शिवणकाम करणारी, पस्तिशीची. पाटावर बसता बसता मला हळूच म्हणाली, "यांचा घटस्फोट फार त्रासाचा झाला, नाही का हो?" तेव्हाच मी उठायला हवं होतं. मी उठलो नाही, युक्ती काढली. तुम्हाला आठवत असेल, पाठशाळेच्या स्वयंपाकघरात तुम्ही फरशीवर तांदळाच्या सात राशी मांडून सप्तपदी शिकवत होतात आणि मी तांदूळ वाचवायला सहाच मांडल्या. त्या दिवशी मला उपाशी ठेवलंत. म्हणालात, "सातवं पाऊल पडत नाही तोवर ती परक्याची मुलगी." कायदाही नेमकं तेच म्हणतो, हे मी पुढे वाचलं. म्हणून अजमानला मी सहा राशी मांडल्या, त्यांवर सहा सुपाऱ्या मोजून ठेवल्या. लग्न दिसेल, पण लागणार नाही. स्वतःवर मी बेहद्द खूश होतो.

सहावं पाऊल झालं. मी "थांबा" म्हणतोय तोवर तिचा उजवा पाय पुढे पडला. ती म्हणाली, "इथे किती गार आहे." खाली बघतो तर सातवी सुपारी. नवऱ्याने कमरेला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. सवयीने त्याने सकाळी सुपारी खोचली होती, बायकोच्या जागेची. ती घरंगळली असेल, एवढं मी समजू शकतो. पण सुपारीखाली मूठभर तांदळाची नीट घातलेली रास होती. ती मी घातली नव्हती. लग्नाला आलेले चारदोन जण जेवणाच्या पिशव्या सोडत होते.

परवा त्याच्या गावाकडच्या बायकोचा फोन आला. आवाज एकदम शांत.

"भटजी, फोटो आलेत माझ्याकडे. वकील म्हणतो फोटोंनी काय होत नाय. सात पावलं पडली का, ते लग्न लावणाऱ्याने सांगायला हवं. पडली?"

मी म्हटलं, "बघून सांगतो." काय बघणार होतो कोण जाणे.

"बघा. फोटो नंतर आले. पण त्या रविवारी सकाळी मी तांदूळ निवडत होते, तर छातीवर कुणीतरी पाय दिला. अनवाणी. तेव्हाच कळलं मला."

गुरुजी, सहा म्हटलं तर तो सुटतो, मी सुटतो, आणि दोघींची फसवणूक कुठल्याच नोंदीत राहत नाही. सात म्हटलं तर तो आत जातो, कदाचित पाठोपाठ मीही. आणि माझी युक्ती गावाकडच्या बायकोसाठी होती हेही खरं नाही, ती माझ्यासाठी होती, हे मला तिच्या फोनवर कळलं. तिने शुक्रवारी पुन्हा फोन करते म्हटलंय. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, तुम्हालाही सांगता येणार नाही. त्या राशीची मला भीती वाटत नाही. शुक्रवारी मी "सहा" म्हणेन, याची वाटते.