मत्स्यालय नव्हतं, नदी होती

लाइपझिग, १४ नोव्हेंबर २००२

प्रिय फोल्कमार यास ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, सोबतची तुझ्या विमा कंपनीची रंगीत पुस्तिकाही. मुखपृष्ठावरचं हसरं कुटुंब पाहून बरं वाटलं. आपल्या घराण्यात इतके सरळ दात कुणाचेच नाहीत. इकडे सर्व ठीक. आई बरी आहे. माझ्या खोलीतल्या खिडकीशी बसते, ट्राम मोजते. मी ग्रंथालयात जाते, धूळ झटकते, परत येते.

‘घर दुरुस्त झाल्यावर आईसाठी योग्य ते संरक्षण निवड’ असं तू लिहिलंस, म्हणून पुस्तिका भाष्यकाराच्या चिकाटीने वाचली. संस्कृत शिकल्याची खोड, जात नाही. तरुणपणी तू विचारायचास, त्या मेलेल्या भाषेचा उपयोग काय? आज झाला बघ. मांडणी अगदी ओळखीची निघाली: पहिल्या पानावर ठळक उत्सर्ग, म्हणजे सर्वसाधारण नियम, की तुमचं घर सुरक्षित; पुढे बारीक टायपात अपवादांची रांग. आग, वीज, वादळ, गारा, फुटलेला नळ, हे सगळे आत. नदी बाहेर. नदी हवी तर वेगळी पुरवणी घ्यायची. आणि पुरवणीखाली आणखी बारीक टायपात: जिथे पूर येतो तिथे ती देता येणार नाही. म्हणजे डोंगरावरच्या माणसाला पुराचं संरक्षण अगदी आग्रहाने वाढतात.

ऑगस्टात गावच्या घरातून पुराचा चिखल उपसत होतो तेव्हा कंपनीचा पाहणीवाला आला होता, हे तुला कळवायचं राहिलं. उंबऱ्याच्या आत काही आला नाही, बूट चांगले होते.

“पाणी वरून आलं की खालून?”

आई म्हणाली, “अहो, मुल्डेतून आलं. नदी कुठे असते?”

“म्हणजे खालून,” असं म्हणून त्याने पेनाला टोपण लावलं. पाण्याचं कुळगोत्र विचारणारा गृहस्थ मी पहिल्यांदाच पाहिला.

गावात आपल्या समोरच्या नाउमानबाईंचं घर मात्र उभं राहिलं. नव्या भिंती, नवा बॉयलर, वर पिवळा रंग. त्यांच्याकडे जुन्या राजवटीतली सरकारी पॉलिसी होती, आपल्याकडे होती तीच. पूर्व जर्मनी हा देश गेला, पॉलिसी चालू राहिली. आणि तिच्यात नदी होती. बाईंनी ती अभ्यास करून ठेवली नव्हती. “नवी पॉलिसी विकायला येणाऱ्या टायवाल्याला कॉफी कोण पाजणार? चालतंय ना, मग राहू दे म्हटलं,” एवढंच त्यांचं शास्त्र. हल्ली मला पाहिलं की पडदा ओढून घेतात. भरपाई मिळाल्याची लाज वाटते त्यांना. कुणाला लाज कशाची वाटेल, काही नेम नाही.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. ‘मी तेव्हाच आईला नदीची पुरवणी घ्यायला सांगितलं होतं, तिनेच ऐकलं नाही.’

फोल्कमार, त्या दिवशी टेबलाशी मी पण होते रे. एक्क्याण्णवचा वसंत. तू पश्चिमेतल्या कासेलहून नव्या गाडीतून आलास, चामड्याची बॅग खुर्चीवर ठेवलीस, आईला उभं राहावं लागलं. तिने चक्क्याचा केक केला होता, तू दोन तुकडे खाल्लेस आणि म्हणालास, “आई, ही पॉलिसी म्हणजे त्यांच्या राज्याची अडगळ. भिंत पडली, आता हिला कशाला कवटाळून बसतेस?”

“स्वस्त आहे रे. आणि त्यात सगळं येतं म्हणतात.”

“सगळं येतं म्हणजे काहीच धड येत नाही. ही बघ, हिच्यात सायकल चोरीला गेली तरी भरपाई. मत्स्यालय फुटलं तरी भरपाई!”

आपल्याकडे मत्स्यालय नव्हतं. नदी होती. आईने ते विचारलंही. जिन्याच्या भिंतीवरची चोपन्नच्या पुराची खूण दाखवून म्हणाली, “आणि हिचं काय?” तू हसलास. “अगं, धरणं कशाला बांधलीत मग? उगाच जास्तीचा हप्ता कशाला भरतेस?” तिने जुनी सोडून नव्या पॉलिसीवर सही केली. तुझ्या पेनाने. तुझ्यावर विश्वास होता म्हणून, कळलं म्हणून नव्हे.

चुकलास, हे मी कधीच सोडून दिलं होतं. त्या वर्षी आपण सगळेच नव्याला भुललो होतो. पण हेच वाक्य तू आईला फोनवरही सांगितलंस. एकदा नव्हे, दर रविवारी.

आता तिला तसंच आठवतं.

आई बरी आहे असं मी वर लिहिलं, ते खोडत नाही, जेवते, झोपते. पण गावी गेलो की नाउमानबाईंना, पाद्रीबाबांना, बेकरीतल्या बाईला सांगत असते: “मुलगा सांगत होता हो, मीच मेली हट्टी. माझ्यामुळे घर गेलं.” हो, गेलं. तळघरातली तेलाची टाकी तरंगून फुटली, तेल भिंतींत मुरलं. मदतीचे पैसे आले, त्यातून घर पाडायचं ठरलं आहे, दुरुस्त करायचं नाही. तेव्हा तुझी पुस्तिका मी परत पाठवते आहे. संरक्षण कशाचं निवडू?

येत्या चोवीसला मृतांचा रविवार. बाबा गेल्यापासून आई त्या दिवशी त्यांच्या थडग्यावर फरच्या फांद्या अंथरायची चुकली नाही. यंदा फांद्या आणल्या तर म्हणाली, “तू जा. त्यांनी हाताने बांधलेलं घर घालवलं मी. कुठल्या तोंडाने उभी राहू तिथे?”

मी तिला शंभरदा सांगून पाहिलं. “तू भावावर नेहमीच डाफरतेस,” म्हणते. माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही. तुझ्या शब्दाला आहे, एक्क्याण्णवात होती तशीच.

तेव्हा ये. भेटवस्तू नको, बॅग नको. तिच्यासमोर बस आणि म्हण, ‘आई, तू नदीचं विचारलं होतंस. मी नको म्हणालो.’ या एका वाक्याला कुठलाही अपवाद जोडू नकोस.

फांद्या बाल्कनीत ठेवल्या आहेत. थंडीत टिकतात.

त्या टेबलाशी बसलेली तिसरी,
तुझी ताई
गेर्लिंडे