रोज सकाळचा आकडा

चि. उत्कर्षा,

परीक्षेच्या सुपरव्हिजनला असलीस की तुझा फोन शाळेत जमा असतो, म्हणून लिहून ठेवतोय. खरं तर फोनवर मला हे बोलवलंही नसतं.

तुझ्या सासूला, शैलाला, सोबत घेऊन समोरच्या भरतभाईंच्या गाडीतून हॉस्पिटलला निघालोय. ऑक्सिजन मोजायच्या मशीनचा फोटो मी रोज सकाळी तुला पाठवायचो आणि तू तो डॉक्टरांना. गेले नऊ दिवस तो आकडा माझा नव्हता. मशीन शैलाच्या बोटाला लावायचो, मग फोटोतून बोट कापून नुसता आकडा पाठवायचो. तिला म्हणायचो, सेल तपासतोय. तिच्यावर रागावू नकोस, बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं.

किमो आणि रेडिएशनचा शेक यांच्या जोडीला इम्युनोथेरपी चालू आहे, पण फुप्फुसाला सूज आली तर ती थांबवावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. ती थांबली की मी संपलो, हेच माझ्या डोक्यात बसलं. खोकला आला की बाथरूममध्ये नळ सोडून खोकायचो. नंदेसरीच्या प्लांटवर तीस वर्षं रीडिंग लिहिली, एक खोटं लिहिलं नाही. आणि इथे माझे सत्त्याण्णव बघून तू माझ्यासाठी घेतलेली रजा रद्द केलीस.

तुला तोंड दाखवायला जागा उरली नाही. डॉक्टरांपुढे मीच कबूल करीन, तुझ्यापुढे जमेना. तरी सुटलीस की ये.

आत्ताचा आकडा अठ्ठ्याऐंशी आहे. बोट माझंच आहे.

बाबा