तेल की तेळू

७ फेब्रुवारी १९९६
ऑइल पेंट! नव्या घराला सगळीकडे ऑइल पेंट. ठरलं म्हणजे ठरलं. पवी भिंतीवर खडू फिरवते, तेलाचे हात पुसते. ओल्या फडक्यानं पुसलं की स्वच्छ! आणि चमक किती छान. ह्यांचं मात्र एकच — ‘डिस्टेंपर बरा. भिंत आहे ती, पितळेचा डबा नव्हे.’ भिंती पुसणार कोण? मी. मग बोलणारही मीच.

९ फेब्रुवारी
पवीच्या अनुसूया टीचर आज स्पष्टच बोलल्या. पवित्राला ऐकू येत नाही, हे साडेपाच वर्षांत पचवलं. पण जूनपर्यंत ती ओठ वाचायला लागली नाही, तर इथली शाळा घेणार नाही. मग म्हैसूरची हॉस्टेलची शाळा. एवढ्याशा पोरीला हॉस्टेल! टीचर म्हणतात, ‘तुमच्या तोंडाकडे बघायला लावा.’ कशी लावू? मी बोलायला लागले की डोळे बारीक करते आणि मान फिरवते. हट्टी आहे, हे म्हणतात. माझ्यावर गेली असेल.

११ फेब्रुवारी
के. आर. पुरमच्या नव्या घरात सामान आलं. भाड्याचं घर सोडायलाच लागलं. हॉल ऑइल पेंटनं चकाचक झालाय, आतली खोली बाकी.

१३ फेब्रुवारी
हे सकाळीच कामावर. पेंटर मुनियप्पाला आतल्या खोलीचं सांगायचं माझ्याकडे. हे निपाणीचे, कन्नड फाडफाड. मी कोल्हापूरची! पण म्हटलं, इंग्रजी कशाला, तेल सगळीकडे तेलच. हच्ची म्हणजे लावा, एवढं येतं मला. भिंतीकडे बोट करून ऐटीत सांगितलं, ‘तेल हच्ची!’
तो जरा थांबला. ‘तेळू?’
‘हां, तेल, तेल.’
‘सरी अक्का.’
जमतंय की मला!

१४ फेब्रुवारी
कुठलं जमतंय! संध्याकाळी बघते तर भिंतीला पातळ डिस्टेंपर. चमक नाही, काही नाही, नुसती ताकासारखी. हे हसून हसून खाली बसले. ‘अगं, तेळू म्हणजे पातळ! मग तो पातळ डिस्टेंपरच लावणार. तेलाला एण्णे म्हणतात!’ मुनियप्पा म्हणतो, ‘नीवे हेळिद्री, अक्का.’ मीच सांगितलं म्हणे. खरंच आहे, पण इतकं तोंडावर सांगायची काय गरज? आता दुसऱ्या घराचं काम उरकून तो पुढच्या आठवड्यात येणार. तोवर ही कळाहीन भिंत बघत बसा.

१७ फेब्रुवारी
हॉलमध्ये खोकी, म्हणून पवीला आतल्या खोलीत घेऊन बसले. भिंतीला पाठ लावून मी, समोर ती. ‘फूल’ म्हटलं. तिनं बघितलं — माझ्या तोंडाकडे! — आणि फुलाचं चित्र उचललं. मग ‘ऊस’. तोही उचलला. मी रडले तर घाबरून माझे गाल पुसायला लागली.

१८ फेब्रुवारी
काल काय वेगळं होतं? आज खोकी सरकवून हॉलमध्ये बसले, तर पुन्हा तेच. डोळे बारीक, मान तिकडे.
मग ह्यांना माझ्या जागी बसवलं आणि मी पवीच्या जागी. ‘बोला काहीतरी, पण आवाज काढू नका.’ समोरच्या खिडकीचा सगळा उजेड त्या चकाचक भिंतीवर! ह्यांच्या डोक्याभोवती नुसता झगझगाट, ओठ कुठले दिसायला! माझेच डोळे बारीक झाले. भाड्याच्या घरातही हिरवा ऑइल पेंटच होता. पोर हट्टी नव्हती गं, तिला दिसतच नव्हतं.

१९ फेब्रुवारी
मुनियप्पाला निरोप. आतल्या खोलीला हात लावायचा नाही. हॉल घासून तिथंही तेळू! तो माझ्याकडे बघतच राहिला. बघू दे. डागांचं पुढे बघू.

२ मार्च
‘चहा’ आणि ‘दार’ आले. ‘पापड’ आणि ‘बाबा’मध्ये घोळ होतो, ओठ सारखेच मिटतात ना. काल ह्यांना तळायला निघाली होती!

१० मार्च
रात्रीचं जेवण. पवी हॉलच्या त्या टोकाला चित्र काढत होती. आम्ही नेहमीसारखं तिच्यासमोरच बोलत होतो, तिला कुठं ऐकू येतंय! हे म्हणाले, ‘म्हैसूरला एकदा विचारून ठेवू. जागा भरल्या तर हॉस्टेलही हातचं जायचं.’ मी काही बोलायच्या आत तिकडून तिचा तो जाडसर, वेडावाकडा आवाज आला —
‘नको. मैसू नको.’
ह्यांचा घास हातातच राहिला. आता हिच्यासमोर जपून बोलायला हवं!