सहा स्क्रीन आणि आप्पांची यादी

सिडको, छत्रपती संभाजीनगर
९ जून २०२५

ती. आप्पांना तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र कारभारीकाकांच्या हाती पाठवतेय, ते रोज कामाला शहरात येतातच. फोन केला असता, पण मागच्या वेळी मी इकडून ओरडत होते आणि तुम्ही तिकडून. शेवटी आई म्हणाली की अर्ध्या फुलंब्रीला आपल्या घरचं कळलं. पोलीस वायरलेसमध्ये तीस वर्षं हेडफोन लावून तुमचे कान गेले, आता आमचे घसे जायला नकोत.

काम असं आहे. शेंद्र्याच्या कंपनीतली स्टोअरची नोकरी सोडल्यापासून मी घरबसल्या शेअर बाजाराचं बघते, हे आईनं सांगितलं असेलच. तीन वर्षं झाली. जेवणाच्या टेबलावर जुना लॅपटॉप आणि हातात फोन, एवढ्यावर चाललंय आणि बरं चाललंय. संस्कृतीच्या शाळेची फी त्यातूनच जाते. पण लॅपटॉप आता म्हातारा झालाय. चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. म्हणून मी ह्यांना म्हटलं की एक नवा कॉम्प्युटर घेऊ. तेवढंच म्हटलं आणि चुकले.

आता ते काम ह्यांनी हाती घेतलंय. जेवताना समोर मोबाइल, त्यात कुठल्या तरी गोऱ्या माणसाची खोली. भिंतीवर सहा स्क्रीन, टेबलाखाली निळेजांभळे दिवे, आणि तो मधोमध विमान चालवल्यासारखा बसलेला. आपल्यालाही तसंच हवं म्हणे.

काल पैठण गेटजवळच्या एका दुकानात गेलो. मी विचारलं की सोळा जीबी रॅम पुरेल का बत्तीस घ्यावी. दुकानदारानं उत्तर ह्यांच्याकडे बघून दिलं. मी पुन्हा विचारलं की लाइट गेल्यावर यूपीएस किती वेळ चालेल. त्यावर तो मला म्हणाला की मॅडम, की-बोर्ड गुलाबी रंगातही मिळतो. हे हसले. मी नाही हसले.

तुम्हाला यंत्रातलं कळतं. काय घ्यावं ते कळवा. आईला नमस्कार सांगा. फकिराकाकांच्या मेंढ्या यंदा कुठवर गेल्या? आमच्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची
तनुजा


फुलंब्री
१३ जून २०२५

चि. सौ. तनुजास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या आईनं आधी वाचलं, मग मला दिलं. बानाबाईच्या हाताखालून गेल्याबिगर ह्या घरात कागद पुढं सरकत नाय.

आधी त्या दुकानदाराचं. असल्या माणसाला मी बॅटरीत पाणी भरायलाबी ठेवला नसता. गिऱ्हाईक काय विचारतंय ते ज्याला ऐकू येत नाय, त्याचे कान माझ्यापेक्षा गेलेत.

आता जावईबापूंचं. सहा स्क्रीन! देवानं डोळे दोन दिलेत, ते तरी नीट उघडे ठेवा म्हणावं. आम्ही पूर बघितले, बंदोबस्त बघितले, आख्खा जिल्हा एका सेटवर सांभाळला. दुसरा सेट कोपऱ्यात तयार असायचा. तिसरा कुणी मागितला नाय. फकिराच्या मेंढ्यांना लोक येडं म्हणतात, पण पुढच्या मेंढीला निदान चारा कुठंय ते ठाऊक असतं. ह्यांच्या व्हिडिओवाल्याला तेवढंबी ठाऊक नसावं. त्याचा धंदा शेअरचा नाय, जावईबापूंसारखी माणसं कातरायचा आहे, आणि लोकर लई दाट मिळालीय त्याला.

मी रोज दुपारी ऋतुराजच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसतो, म्हणून हल्लीचंबी कळतं. ग्राफिक्स कार्ड लागत नाय. शेअरचे आकडे काय उड्या मारत पळतात व्हय, त्यांना खेळाचं कार्ड लावायला? मधल्या दर्जाचा नवा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, एसएसडी, आणि स्क्रीन दोन. यूपीएस मात्र दणकट पाहिजे, आणि राउटरबी त्याच्यावरच जोडायचा. इंटरनेटच्या लायनी दोन, दोन येगळ्या कंपन्यांच्या, एक तारेची आणि एक सिमची. मशीन कितीबी भारी असू दे, करंट गेला की पत्र्याचं खोकं.

सगळी यादी मॉडेल नंबरासकट सोबत जोडलीय. ती दुकानात नुसती पुढं कर. एका आकड्याचाबी फरक करू नको. तुझं डोकं त्यात घालू नको, आणि त्यांचं तर मुळीच नको.

संस्कृतीला गोड पापा. सुखात राहा, आणि सांगितलं तेवढं कर.

तुझा
आप्पा


सिडको, छत्रपती संभाजीनगर
२९ जून २०२५

तीर्थस्वरूप मल्हारराव मामांस सुदर्शनचा साष्टांग नमस्कार.

आपण पाठवलेली यादी पाहिली. आपल्या वयाला आपण एवढा रस घेता याचं मनापासून कौतुक वाटलं. पण मामा, राग मानू नका, हा वॉकीटॉकीचा जमाना नाही. आज बाजार सेकंदात फिरतो. ज्याच्या समोर माहिती जास्त, तोच टिकतो.

कळवण्यास आनंद होतो की आपला सेटअप शुक्रवारी बसला. सहा स्क्रीन, पाण्यानं थंड होणारा प्रोसेसर, टॉपचं ग्राफिक्स कार्ड आणि कमरेला आधार देणारी खास खुर्ची. दुकानदारानं यूपीएस आपला म्हणून फुकट दिला. हॉलमध्ये जागा कमी पडत होती, म्हणून जेवणाचं टेबल गॅलरीत हलवलं. माझे मित्र बिभीषण आणि अंबिकावहिनी काल बघायला आले, तर वहिनी दहा मिनिटं नुसत्या बघतच राहिल्या.

मी कंपनीत दीड महिन्याची रजा टाकली आहे. तनुजानं आजवर हौसेनं जे काही केलं, ते चांगलंच केलं. पण पोळ्या लाटता लाटता फोनवर दोनचार शेअर घेणं वेगळं आणि प्रोफेशनल ट्रेडिंग वेगळं. ही बाजू आता मी बघणार. खातं तिच्या नावावर आहे, ते तसंच राहू दे, माझी काही हरकत नाही. सहावा स्क्रीन मी तिलाच दिला आहे, दुपारी मोकळी असली की ती बघू शकते.

एकदा येऊन आशीर्वाद द्यावेत. मामींना नमस्कार. आपला वरदहस्त असाच राहावा.

आपला
सुदर्शन


फुलंब्री
४ जुलै २०२५

श्रीमान जावईबापू सुदर्शनराव यांसी मल्हाररावाचे आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला. ज्या घरात जेवायचं टेबल गॅलरीत आणि खेळण्याचं मशीन हॉलमधी, त्या घराची बरकत काय सांगावी!

आपण माहिती जास्त पाहिजे म्हणता. आमच्या कंट्रोल रूमला एक हवालदार होते, त्यांनाबी सगळे चॅनल एकदम ऐकायची हौस. शेवटी त्यांना कुणाचाच निरोप धड लागला नाय, म्हणून साहेबांनी त्यांना सायकल स्टँडवर बसवलं. तिथं मात्र त्यांनी उत्तम काम केलं.

फुकट यूपीएसबद्दल अभिनंदन. फुकट मिळालेला बैल उभाच दिसतो, चालायला लागला की कळतं.

दर्शनाला येता येणार नाय. एवढा उजेड माझ्या डोळ्यांना सोसायचा नाय. आपण थोर आहात, गरिबाची ओळख ठेवावी.

आपला
मल्हारराव


सिडको, छत्रपती संभाजीनगर
२६ जुलै २०२५

ती. आप्पांना तनुजाचा नमस्कार.

तुमच्या पत्रानं ह्यांनी दोन दिवस भांडी आपटली. पण हे पत्र त्याबद्दल नाही.

परवाच्या मंगळवारी, २२ तारखेला, सकाळी अकराच्या सुमाराला लाइट गेली. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. हॉलमध्ये यूपीएसनं एक लांब शिट्टी मारली आणि सहाच्या सहा स्क्रीन काळे झाले. राउटरही गेला. ह्यांनी त्या वेळी एका कंपनीचे खूप शेअर घेतलेले होते, त्याच दिवशी विकायच्या बोलीचे, ऐपतीच्या चौपट. भाव उतरत होता. मी बाहेर आले तर हे तसेच बसलेले, हातात माउस, आणि तो टेबलावर फिरवतायत. मी म्हटलं फोनवरून विका. तर ह्यांच्या फोनमध्ये ते ॲपच नव्हतं. फोनवर ट्रेडिंग बायका करतात, असं हेच बिभीषणभावोजींना सांगत होते.

मग मी माझा फोन घेतला. पिठाच्या बोटांनी तो उघडेना, पदराला पुसून उघडला, आणि सगळे विकून टाकले. मिनिटही लागलं नाही. नुकसान झालं, पण झेपेल इतकं.

दुपारी त्या शेअरचा भाव परत वर चढला. संध्याकाळी भावोजी आणि अंबिकावहिनी आल्यावर ह्यांनी चहा घेता घेता सांगितलं की हिनं घाबरून विकले, बायकांच्या हातात धीर नसतो. आप्पा, भाव चढणार का पडणार हे मला माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. म्हणूनच तर विकले. वहिनी जाताना जिन्यात थांबल्या आणि हळूच म्हणाल्या की मला पण शिकव. मी शनिवारी या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खात्याचा पासवर्ड बदलला आणि तसं ह्यांना सांगितलं. खातं माझ्या नावावर आहे, आणि आता माझ्याच हातात राहील, एवढंच. हे दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे माझ्यासमोर जेवले नाहीत, पोळ्यांचा डबा रिकामा व्हायचा. आज रजा मोडून कंपनीत गेले. चार स्क्रीन विकायला काढलेत. जेवणाचं टेबल मी आणि संस्कृतीनं ओढत आत आणलं.

आता तुमचं. काल मी एकटीच दुकानात गेले, त्या गुलाबी की-बोर्डवाल्याच्या नाही, दुसऱ्या. पर्समध्ये तुमची यादी होती. काउंटरपाशी उभी राहून परत वाचली. प्रोसेसर होता, यूपीएस होता, दोन लायनी होत्या. फक्त मी नव्हते. मी नेमकं काय करते, हे तुम्ही विचारलंतच नाही. मी शेअर घेते आणि वर्ष वर्ष ठेवते. माझा सगळा वेळ कंपन्यांचे अहवाल वाचण्यात जातो, दोनदोनशे पानांचे. भाव मी दिवसातून एकदा बघते. एक दिवस इंटरनेट गेलं तर माझं काही बुडत नाही. मला दुसरी लाइन नको, दुसरा स्क्रीनही नको. मला डोळे दुखणार नाहीत असा एक मोठा स्क्रीन हवा होता, आणि पाठ धरणार नाही अशी खुर्ची. ह्यांचं ह्यांच्याकडेच राहू दे, माझी ही दोन्ही मी वेगळी घेतली. कॉम्प्युटर एका ऑफिसातून निघालेला जुना, पण नीट तपासून घेतला. बिल माझ्या नावानं.

आणि निघालंच आहे तर सांगते. बारावीनंतर पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्समध्ये माझा नंबर लागला होता. तुम्ही तेव्हा म्हणालात की पोरीच्या हातात सोल्डरिंगची काडी शोभत नाही, आणि बी. कॉम.चा फॉर्म भरून आलात. आता लिहिता की तुझं डोकं घालू नको. तो दुकानदार, हे आणि तुम्ही, तिघांत मला फारसा फरक दिसेना.

राग आला तर येऊ द्या. आईला हे पत्र आधी वाचू द्या.

तनुजा


फुलंब्री
३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. तनुजास आशीर्वाद.

तुझं पत्र बानाबाईनं मला वाचून दाखवलं. चांगल्या कानाशी बसून, एकेक शब्द मोठ्यानं. शेजारची दगडाबाई दारात येऊन उभी राहिली तरी थांबली नाय. शेवटची ओळ झाल्यावर तिनं कागदाची घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली की बावीस वर्षं मी हेच म्हणत होते, पण मला कोण विचारतंय.

तीन उत्तरं लिहिली आणि फाडली. पहिल्यात त्या वेळची कारणं होती. पॉलिटेक्निक लांब, हॉस्टेल नाय, आपल्यात कुणाची पोर तिकडं गेली नव्हती, लोक काय म्हणतील. कारणं खोटी नव्हती. पण ती तुला मी कधी सांगितली नाय आणि तुझं ऐकूनबी घेतलं नाय. फॉर्म भरून आलो आणि तुला पावती दाखवली. दुसऱ्या पत्रात जावईबापूंना शिव्या होत्या. लई झकास जमलं होतं ते, फाडताना वाईट वाटलं. पण अर्ध्यात आल्यावर दिसलं की नाव तेवढं त्यांचं हाय, बाकी सगळं मलाच लागू पडतंय. तिसऱ्यात मी तुझ्या जुन्या कॉम्प्युटरात काय बदलावं ते लिहायला लागलो होतो. ते तुझ्या आईनंच हातातून ओढून घेतलं.

दुकानदाराला मी बहिरा म्हणालो. त्याला तू दोन सवाल केलेस, ते त्यानं ऐकले नाय. मला पत्र लिहिलंस, त्यावर मी एकबी सवाल केला नाय. माझ्यापुढं तो लेकाचा सज्जन म्हणायचा.

तू अहवाल वाचतेस म्हणालीस. दोनशे पानांत काय बघतेस? एखादी कंपनी बरी का खोटी, हे कागदावरून कसं ओळखतेस? मला खरंच ठाऊक नाय. मंगळवारी सकाळच्या गाडीनं येतो. तुझं काम चालू असेल तेव्हा बाजूला बसेन, सल्ला देणार नाय. तुला जमणार असेल तर पहिल्या पानापासून सांग. कळलं नाय तर कळलं नाय म्हणीन.

जावईबापू घरी असले तर त्यांनाबी बसू दे. ते काय बोलले तर मी बघून घेईन, आणि मी काय बोललो तर तू मला गाडीत बसवून दे.

येताना काय आणू ते कळव. न विचारता काही आणणार नाय.

तुझा
आप्पा