चेरी की आलुबुखार?

कुल्लू

तीर्थरूप बाबा,

इथूनच तुमच्या पाया पडते. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

परवा वादळात आमच्या नर्सरीतली रोपं कोलमडली, नावाच्या चिठ्ठ्या उडाल्या. चेरी आणि आलुबुखारची रोपं एकमेकांत मिसळली. मालक नेगीजी म्हणाले, "चिठ्ठ्या अंदाजे बांधून टाक."

मी म्हटलं, "चुकलं तर शेतकऱ्याला फळ धरल्यावरच कळेल. तोवर त्याची वर्षं फुकट."

मग पानं बघत बसले. चेरीचं पान मोठं, लोंबतं, देठावर पात्याजवळ दोन लालसर गाठी. आलुबुखारचं लहान, आखूड देठाचं. काही रोपं कळेनात, ती विकू दिली नाहीत. नेगीजी दिवसभर धुसफुसत होते. आज मात्र गिऱ्हाइकाला स्वतःच म्हणाले, "ही रोपं देत नाही, पोरीची खात्री नाही."

तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. शेजारचा सुजितदादा फोनवर म्हणाला, आपल्या चामटोलीच्या जागेवर मोजणीवाले येऊन गेले. मला का नाही सांगितलंत? आईला झोप लागते का?

सगळं ठीक आहे, एवढंच लिहू नका. जागा विकायचं ठरलं असेल तर तसं लिहा. सही करण्याआधी मी येते.

तुमची काळजी करणारी,
स्वप्नाली