कलत्या कढईची पाच एचपीची मोटर

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या वाकता येत नाही, तेव्हा उरलेला प्रत्यक्ष भेटीत घालीन.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला एव्हाना थांबला असेल. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. कारखानाही खुशाल आहे, फक्त ओला आहे.

त्याचं असं झालं. नोकरी सोडून मी पहिलं स्वतःचं मशीन बनवतो आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. साबणवाल्यांची कढई. साबण शिजला की बटण दाबायचं, कढई सावकाश कलणार आणि साबण साच्यांत ओतला जाणार. गुरुवारी ते चाचणीला येत आहेत. मशीन पसंत पडलं नाही तर मला जुन्या साहेबांपुढे हात जोडून उभं राहावं लागेल, आणि राजीनामा देताना मी त्यांना जे ऐकवलं ते पाहता ते मला दारातही उभं करणार नाहीत.

मोटर निवडायची रीत तुम्हीच शिकवलीत. भरलेल्या कढईचं वजन, ते दांड्यापासून किती लांब पडतं ते अंतर, दोन्हींचा गुणाकार, आणि वर थोडी जास्तीची ताकद. तीनशे किलो आणि दहा सेंटीमीटर, म्हणजे तोंडी हिशेब. घोटाळा झाला तो त्या ‘थोडी’त. असावी हाताशी म्हणून मी आकडा दुप्पट केला. ड्रॉइंग तुमच्या भाचेसुनेने काढलं. (मी घाईत सगळं कमीच धरतो, असं तिचं लग्नापासूनचं मत आहे.) तिने कोणाला न सांगता दीडपट केला. वेल्डिंग करणारा माझा जोडीदार, त्याचा आम्हा दोघांवरही भरवसा नाही. त्याने दुकानात जाताजाता पुन्हा दुप्पट केला. एकूण सहापट झाली आणि आम्ही तिघंही, शहाणपणा काय तो आपणच केला, अशा समाधानात. दुकानदार म्हणाला, एवढ्या ताकदीची आणि मिनिटाला एकच फेरा घेणारी मोटर यायला दोन महिने लागतील. ही पाच एचपीची तयार आहे, ताकद तेवढीच देते, फक्त मिनिटाला वीस फेरे घेते. जोडीदाराने ताकद पाहिली. फेऱ्यांकडे त्याने लक्ष दिलं नाही, कारण ते पाहणं माझं काम. (आमच्यात कामं नीट वाटून घेतलेली आहेत.)

काल कढईत दोनशे लिटर पाणी भरलं आणि बटण दाबलं. पंधरा सेकंदांत कलायची ती कढई पापणी लवायच्या आत आडवी झाली. साच्यांत थेंबही पडला नाही. सगळं पाणी साचे ओलांडून समोरच्या भिंतीवर गेलं आणि मध्ये तुमची भाचेसून वही घेऊन उभी होती. तिने वही मिटली, तोंड पुसलं आणि दीडपटीची कबुली दिली. मग जोडीदाराने दिली, मग मी. पाण्याच्या जागी उकळता साबण असता तर, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. मामा, मी खरंच घाबरलो आहे.

बाकी सर्व ठीक. मामीला नमस्कार.

तुमचा (गुणाकारापुरता) आज्ञाधारक,
भाचा

ता. क. नीट हिशेब केला तर अर्ध्या एचपीची, मिनिटाला एक फेरा घेणारी मोटर पुरते. बाजारात ती गुरुवारच्या आत मिळत नाही. तुमच्या परसात, सगळ्या कुंड्यांना सारखं ऊन लागावं म्हणून तुम्ही जो फिरता ओटा केला आहे, त्याला नेमकी तशीच आहे. ती महिनाभर द्याल का? तेवढे दिवस कुंड्यांना एकाच बाजूने ऊन खावं लागेल, याची मला जाणीव आहे.

पुन्हा ता. क. तुम्ही नाही म्हणाल, याची मला खात्री आहे. त्या ओट्याला मामीने हात लावलेलाही तुम्हाला खपत नाही. म्हणून हे पत्र टपालाने न पाठवता जोडीदाराच्या हाती दिलं आहे. ते तुम्हाला देऊन तो पाणी प्यायच्या निमित्ताने मागच्या दारी गेला असेल. कुंड्या मामीने सकाळीच उतरवून ठेवल्या आहेत. बोल्ट चारच आहेत, पण त्यातला एक गंजला आहे असं तिने कळवलं, म्हणून पत्र एवढं लांबवावं लागलं.